डेट्रॉइटच्या भिंतीवरची शिफ्ट

तिकिटाच्या काउंटरवर भाच्याने लायसन्स पुढे केलं. तिथल्या मुलीने पत्ता बघितला, शर्टाला लावायचा स्टिकर दिला आणि त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. माझ्याकडून घेतले. वेन, ओकलंड आणि मॅकोम या तीन काउंट्यांत राहणाऱ्यांना डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये तिकीट लागत नाही. २०१२ साली तिथल्या मतदारांनी या संग्रहालयासाठी आपल्या मालमत्ता करात थोडी वाढ मान्य केली, तेव्हापासून ही सोय आहे.

“इथं मी रहिवासी आहे, मावशी,” स्टिकर लावत भाचा म्हणाला, “पासपोर्टवर मात्र अजून पाहुणाच.”

तो अकरा वर्षं मिशिगनमध्ये आहे. गाड्यांच्या दरवाजांचं डिझाइन करतो, तेही कॉम्प्युटरवर. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. त्याला मत देता येत नाही, पण घराचा कर भरतो, म्हणून चित्रं फुकट.

मी डेट्रॉइटला आले होते ती एका प्रेसला भेटायला, असं म्हटलं तरी चालेल. आम्ही वडलांना दादा म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळात दादा माण तालुका सोडून पिंपरीला आले आणि एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. पत्र्याला दाब देऊन त्याचा बॉनेट, दरवाजा, मडगार्ड करणाऱ्या त्या यंत्रांचा आवाज इतका, की दादा घरीही ओरडूनच बोलत. “मीठ दे” म्हणाले तरी शेजारच्या काकू दारात येऊन बघून जायच्या, भांडण झालं की काय म्हणून. पुढे कधीतरी एका मासिकात मला डेट्रॉइटच्या भित्तिचित्राचा फोटो दिसला आणि त्यातलं अवाढव्य यंत्र मी नाव न वाचता ओळखलं. तोपर्यंत माझी समजूत अशी, की असल्या गोष्टीचं चित्र कुणी काढत नाही.

संग्रहालय वुडवर्ड अव्हेन्यूवर आहे. पांढऱ्या संगमरवराची १९२७ सालची इमारत, बाहेरून एखाद्या जुन्या बँकेसारखी. आत चिलखतं आणि सोनेरी चौकटी ओलांडत आपण चालत राहतो आणि एकदम एका चौकात येतो. वरून, काचेच्या छतातून उजेड पडलेला, आणि चारही भिंतींवर कारखाना. इथे पूर्वी कारंजं होतं, झाडं होती, बड्या घरच्या बायका बसायला येत. १९३२ मध्ये मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेरा आला. काम ठरलं होतं दोन भिंतींवरच्या दोन मोठ्या चित्रांचं, मोबदला दहा हजार डॉलर. पैसे देणारे एडसेल फोर्ड, म्हणजे हेन्री फोर्ड यांचे चिरंजीव. कंपनीचे अध्यक्ष तेच आणि शहराच्या कला आयोगाचे अध्यक्षही तेच. रिवेराने चौक बघितला आणि चारही भिंती मागितल्या. शेवटी सत्तावीस चित्रं झाली आणि मोबदलाही दुपटीच्या वर गेला.

रंगाला हात लावण्याआधी तीनेक महिने तो नुसता कारखान्यांत फिरत होता, मुख्यतः शेजारच्या डिअरबर्नमधल्या, फोर्डच्याच रूज कारखान्यात. रूज म्हणजे त्या काळचं आश्चर्यच. एका टोकाला जहाजांतून लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी उतरायची आणि दुसऱ्या टोकाने गाडी चालवत बाहेर काढायची. पोलाद घरचं, काच घरची, वीज घरची. नव्वदच्या वर इमारती आणि ऐन भरात लाखभर कामगार.

पण रिवेरा आला तेव्हा तो भर ओसरला होता. महामंदीत माणसं हजारोंनी घरी बसली होती. ७ मार्च १९३२ च्या कडाक्याच्या थंडीत डेट्रॉइटमधून बेकारांचा मोर्चा रूजच्या गेटकडे निघाला. काम द्या, औषधपाणी द्या, घरात जाळायला कोळसा द्या, भरती करताना काळा-गोरा बघू नका, अशा मागण्या होत्या. डिअरबर्नच्या हद्दीत पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मग थंड पाण्याचे फवारे मारले, आणि मग पोलीस आणि कंपनीचे रखवालदार दोघांनीही गोळ्या चालवल्या. चार जण मेले. पाचवा, कर्टिस विल्यम्स, जखमांनी काही महिन्यांनी गेला. तो काळा होता, म्हणून आधीच्या चौघांच्या शेजारी त्याला पुरायला दफनभूमीने नकार दिला.

रिवेरा आणि त्याची बायको फ्रिडा काहलो पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटला पोचले. मी चारही भिंतींना दोनदा फेरी घातली. मोर्चा कुठेही नाही. पक्का कम्युनिस्ट माणूस, सगळं ठाऊक असणार, तरी नाही. पैसे फोर्डचे होते, हे उघडच आहे. पण नुसतं तेवढंच म्हणून मोकळं होता येत नाही, कारण जे काढलंय ते समोर असतं आणि ते खाली बघू देत नाही.

उत्तरेची भिंत इंजिनाची आहे. त्या वर्षी फोर्डने काढलेलं नवं व्ही-८ इंजिन. मुख्य चित्र पंचेचाळीस फूट रुंद. मागे भट्टी ज्वालामुखीसारखी पेटलेली, दोन्ही बाजूंना भोकं पाडणारी यंत्रं द्वारपालांसारखी ओळीने उभी, आणि त्यांच्यामधून सापासारखे वळत जाणारे कन्व्हेअरचे पट्टे. पुढे माणसं. कुणी ओणवं होऊन ओढतंय, कुणी पाय रोवून ढकलतंय, पाठी वाकलेल्या, मनगटं ताठ. चेहरे तऱ्हेतऱ्हेचे: पोलंडकडचे वाटणारे, मेक्सिकन, काळे. काही तर रिवेराच्या मदतनिसांचेच आहेत. त्या मदतनिसांतला एक बल्गेरियातून आलेला होता. सगळे एकमेकांना खांदा लावून उभे. खरं म्हणजे रूजमध्ये काळ्या कामगारांना बहुतेक करून फाउंड्रीत, सगळ्यांत तापलेल्या आणि धुराच्या कामावर टाकत. म्हणजे रिवेराने भिंतीवर जी शिफ्ट भरवली, ती कारखान्यात तशी कधी भरत नव्हती.

आणि बोलताना मला तरी कुणी दिसलं नाही. एवढ्या माणसांत एक तोंड उघडं नाही. डोळे कामावर किंवा समोरच्याच्या हातांवर. हे मला दादांमुळे कळलं. आवाजात काम करणारी माणसं हातांकडे बघून बोलतात.

चित्र ओल्या चुन्यावर काढलं आहे. मदतनीस रात्री भिंतीच्या ठरावीक तुकड्याला गिलावा करायचे, मग रिवेरा शिडीवर चढायचा. आधी काळ्या-करड्यात सावल्या, उजाडलं की रंग. गिलावा सुकायच्या आत तेवढा तुकडा संपवायचा, नाहीतर खरवडून पुन्हा. अजिंठ्यात रंग सुकलेल्या लेपावर चिकटद्रव्य घालून लावले आहेत, म्हणून तिथे पापुद्रे सुटतात. इथे रंग चुन्यात मुरून भिंतीचाच झाला. या एका तुकड्याला इटलीचे जुने कारागीर जे नाव देत, त्याचा अर्थ ‘एका दिवसाचं काम’ एवढाच. आपण म्हणतो तसा रोज. जुलै १९३२ ते मार्च १९३३ असे किती रोज त्याने भरले असतील! नीट बघितलं तर दोन रोजांमधला सांधा कुठे कुठे दिसतोही.

वरच्या पट्ट्यात चार वंशांच्या चार अजस्र बायका पहुडल्या आहेत, तांबडी, काळी, गोरी, पिवळी. त्यांच्या हातांत अनुक्रमे लोहखनिज, कोळसा, चुनखडी आणि वाळू. पोलादाला जे लागतं ते. तेव्हा हा उदार विचार असेल, आज तो मला जरा ढोबळ वाटला. माणसाचा रंग खनिजाशी जुळवायची काय गरज? पश्चिमेला ब्राझीलमध्ये रबराचा चीक काढणारे मजूर आहेत, विमानं आहेत, तिथे मी फार थांबले नाही.

दक्षिणेच्या भिंतीवर उजव्या बाजूला माझी प्रेस होती.

ती जवळजवळ माणसासारखीच आहे. रुंद खांदे, जड धड, खाली दोन पाय. रिवेराने ती मुद्दाम अशी काढली. कारखान्यात नव्या प्रेस आलेल्या असताना त्याने जुनी निवडली, कारण तिच्यात त्याला कोआत्लिक्वे दिसली. कोआत्लिक्वे म्हणजे अ‍ॅझ्टेक लोकांची सापांचा घागरा नेसलेली देवी. जन्म देते तीच आणि गिळते तीही. तिची दगडी मूर्ती मेक्सिको सिटीच्या संग्रहालयात आहे.

जाणकार या तुलनेवर बरंच लिहितात. मला त्यात नवल वाटलं नाही. खंडेनवमीला दादांच्या शॉपमध्ये प्रेस धुऊन पुसून घेत, तिला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत, पुढे नारळ फोडत. त्या दिवशी आम्हा पोरांना आत सोडायचे. एकदा मी विचारलं होतं, “दादा, ही देवी आहे का?” दादा म्हणाले, “हात बाहेर काढल्याशिवाय खाली येऊ नको, एवढंच सांगायचं तिला.” त्यांच्या शॉपमध्ये दोघांची बोटं गेलेली होती. दोघंही हार घालायला पुढे असत.

प्रेसच्या भोवती माणसं आपापल्या जागी आहेत. चष्मा घातलेला एक फोरमन कामगारांवर नजर ठेवून आहे, त्याच्याबद्दल चित्रकाराला काडीचं प्रेम नाही हे लगेच कळतं. आणि मधोमध, जरा मागे, पाहुणे आहेत. कारखाना बघायला आलेले हौशी लोक. फोर्डने तेव्हाच रूज दाखवायला सुरुवात केली होती. चांगले कोट, हॅट, पर्सा. काहींच्या चेहऱ्यावर कंटाळा, काहींच्या चेहऱ्यावर जत्रेतला पाळणा बघावा तसं कुतूहल. कामगार घामेघूम, आणि यांचे हात रिकामे.

“मावशी, तिथं उभी राहा, फोटो काढतो,” भाचा म्हणाला. मी उभी राहिले. खांद्याला पर्स, अंगात सुनेने घेऊन दिलेला नवा कोट. फोटो बघितला तेव्हा मागे नेमके तेच पाहुणे आले होते. हॉटेलवर परतल्यावर तो फोटो मी डिलीट केला आणि भाच्याकडून पुन्हा मागवून घेतला.

याच भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एडसेल फोर्ड आणि संग्रहालयाचे जर्मन संचालक विल्यम व्हॅलेंटिनर उभे आहेत, जुन्या इटालियन चित्रांत दाते असतात तसे. त्यांची नावं सगळ्यांना माहीत. खालच्या करड्या पट्टीत कामगाराचा दिवस छोट्या छोट्या चित्रांत सांगितलाय. त्यात हेन्री फोर्डही एका वर्गाला शिकवताना दिसतात. शेवटी कामगार पगार घेऊन गेटबाहेरच्या पुलावरून गाड्यांकडे जाताहेत. १९३७ च्या मे महिन्यात त्याच मिलर रोडवरच्या पुलावर कंपनीच्या माणसांनी युनियनच्या लोकांना बेदम मारलं. त्याचे फोटो देशभर छापून आले. १९४१ मध्ये फोर्डने युनियन मान्य केली. रिवेराने पूल काढला तेव्हा तो नुसता पूल होता.

आता जे मला सगळ्यांत जास्त टोचलं ते. रिवेरा भिंत रंगवत होता तेव्हा त्याच शहरातून मेक्सिकन कामगारांना परत पाठवलं जात होतं. भरभराटीच्या काळात त्यांना बोलावून कामाला लावलं होतं, मंदी येताच ते नकोसे झाले. परत जाण्याचं एकेरी भाडं दिलं जाई आणि स्टेशनवरून गाड्या भरून निघत. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक असलेली मुलंही होती. रिवेराने या लोकांची संघटना उभी करायला मदत केली आणि परत जाणंच बरं, असं आधी त्यालाही वाटत होतं. मेक्सिकोत जमीन मिळेल, काम मिळेल, असा त्याचा भरवसा होता. तिथे पोचलेल्यांचे हाल कळल्यावर त्याचं मत बदललं. संग्रहालयात चौकात उभं राहून हे आठवलं की भिंत वेगळी दिसते. चित्रकाराला आमंत्रण आणि कामगाराला परतीचं तिकीट, तेही एकाच देशाच्या दोघांना.

फ्रिडा इथे फार रमली नव्हती. जुलैत इथल्या हॉस्पिटलमध्ये तिचा गर्भ गेला. त्याच हॉस्पिटलच्या नावाचं चित्र तिने पत्र्यावर काढलं, आणि त्यात पलंगामागे क्षितिजावर रूज कारखाना आहे. त्याच वर्षी तिने आणखी एक चित्र काढलं: मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवर ती स्वतः उभी, एका बाजूला जुनी देवळं आणि मुळं धरलेली फुलं, दुसऱ्या बाजूला फोर्डच्या चिमण्या, त्यांच्या धुरात अमेरिकेचा झेंडा. नवऱ्याच्या सत्तावीस चित्रांपेक्षा हे हातभराचं चित्र ‘आपलं’ आणि ‘परकं’ याबद्दल जास्त सांगतं, असं माझं मत आहे.

१९३३ च्या मार्चमध्ये भिंती लोकांना खुल्या झाल्या आणि गहजब उडाला. बाळाला लस टोचण्याचं एक चित्र आहे, डॉक्टर, नर्स, पुढे घोडा, गाय, मेंढ्या. धर्मगुरूंना त्यात येशूच्या जन्माची टवाळी दिसली. एका वर्तमानपत्राने तर भिंतींना चुना फासा म्हणून लिहिलं. बघायला मात्र रीघ लागली. एडसेल फोर्ड ठाम राहिले आणि चित्रं वाचली. न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरमध्ये रिवेराची भिंत पुढच्याच वर्षी फोडून टाकली, ती लेनिनच्या चेहऱ्यापायी.

ऐंशी वर्षांनी पुन्हा पाळी आली. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळं काढलं, अमेरिकेतलं एवढ्या मोठ्या शहराचं पहिलंच. संग्रह शहराच्या मालकीचा, म्हणून घेणेकरी म्हणाले, चित्रं विका. लिलाव करणाऱ्या कंपनीने काही भागाची किंमतही काढली. एका बाजूला चित्रं आणि दुसऱ्या बाजूला शहराचे निवृत्त ड्रायव्हर, सफाई कामगार, कारकून यांची पेन्शन, असा पेच. अखेर धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ऐंशी कोटी डॉलरच्या वर रक्कम पेन्शन फंडात घालायचं ठरवलं आणि संग्रह शहराच्या मालकीतून बाहेर काढला. तरीही सामान्य कर्मचाऱ्यांची पेन्शन साडेचार टक्के कापली गेली आणि महागाईची वाढ बंद झाली. “तू असतीस तर काय केलं असतंस?” भाच्याने विचारलं. मला सांगता आलं नाही. दादांनी आधी पेन्शन घेतली असती, एवढं मात्र नक्की.

संध्याकाळी हॅमट्रॅम्कला जेवलो. एके काळी पोलिश लोकांची ही छोटी नगरी आता बांगलादेशी आणि येमेनी लोकांनी भरली आहे. कोनंट स्ट्रीटवर पाट्या बंगालीत, मिठाईची दुकानं, साड्या. इथल्या बंगाल्यांचं नातं वाटतं त्याहून जुनं आहे. १९२० च्या सुमारास ब्रिटिश जहाजांवरून उतरून पळालेले सिल्हेटकडचे खलाशी डेट्रॉइटच्या कारखान्यांत शिरले होते. विवेक बाल्ड यांनी त्यांचा माग काढून पुस्तक लिहिलंय. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं, की हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाच्या कायद्याला अभिप्रेत असलेला गोरा नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर माणसांपुरतं. आज नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर जागा नाहीत. भाचा मिष्टी दोई खात म्हणाला, “म्हणजे रांग आजोबांच्याही आधीपासूनची.”

दुसऱ्या दिवशी डिअरबर्न. रूजची टूर हेन्री फोर्ड म्युझियमपासून बसने सुटते. बस सुटायला वेळ होता, तेव्हा भाच्याने मला फोर्डच्या इंग्रजी शाळेची हकिकत सांगितली. १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी सुरू झाली तेव्हा दहातले सात कामगार परदेशात जन्मलेले होते. पैसे हवेत तर घर स्वच्छ, दारू नको, बचत हवी. हे तपासायला कंपनीचे इन्स्पेक्टर घरी येत. आणि इंग्रजी शिका. शाळा संपली की समारंभ: स्टेजवर मागे जहाजाचा देखावा, पुढे प्रचंड कढई. कामगार आपापल्या देशाच्या कपड्यांत, बोचकी घेऊन कढईत उतरत. मास्तर लांब पळ्यांनी ढवळत. दुसऱ्या बाजूने तेच कामगार सूट घालून, हातात अमेरिकेचे छोटे झेंडे घेऊन बाहेर येत. रिवेराने हे काढलं नाही, आणि त्याला ते आयतं मिळालं असतं!

कारखान्यात गेल्यावर उंचावरच्या मार्गिकेवरून आपण फिरतो. खाली एफ-१५० ट्रक जोडले जात असतात. वर छपरावर दहा एकरांवर हिरवळ लावलेली आहे, तीही दाखवतात. मी मात्र खालच्या एका माणसाकडे बघत राहिले. पन्नाशीचा, काळा, टोपी उलटी. दरवाजाच्या कडेला रबराची पट्टी दाबत नेत होता: वरून सुरू, कोपऱ्यात अंगठ्याने दोनदा, खाली, मग तीन पावलं मागे, पुढचा ट्रक. प्रत्येकाला मिनिटसुद्धा नाही. त्याच्या पायाशी एक निळा डबा आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने एकदाही वर बघितलं नाही. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो, पर्सा, कोट, हात रिकामे.

आवाज होता, पण मी धरून चालले होते तितका नव्हता. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, आणि मग लक्षात आलं. मी पुढे होऊन गाइडला विचारलं, “प्रेस शॉप कुठे आहे?”

“ते शेजारच्या इमारतीत. टूरमध्ये नाही.”

“पण पत्रा तिथूनच येतो ना?”

चारदोन माणसांनी वळून बघितलं. भाच्याने माझ्या दंडाला हात लावला. “मावशी,” तो म्हणाला, “हळू. ओरडतेयस तू.”